परसातला कंटेनर: जागा ठरवण्यापासून सामान लावेपर्यंत

बारा-पंधरा वर्षं समुद्रावरचा खारा वारा सोसलेला कंटेनर आपल्या परसात येतो आणि चार-पाच पावसाळ्यांत तळातून कुजायला लागतो. लोखंड तेच असतं, जागा बदललेली असते. बंदरात आणि जहाजावर तो कोपऱ्यांवर उभा असतो, तळाखालून वारा जातो, दर काही दिवसांनी दार उघडतं, गंज दिसला की दुरुस्ती होते. परसात मात्र तो ओल्या मातीला टेकलेला, डोक्यावर थेट ऊन-पाऊस आणि दार महिनोन्‌महिने बंद. म्हणून पैशांचे वाटे करताना पहिला वाटा पायाचा, दुसरा वरच्या छपराचा, तिसरा हवा खेळती ठेवण्याचा, आणि त्यातून उरलं तर रंगाचा. बहुतेक ठिकाणी हे उलट होतं: बाहेरून झकास रंग, आत लाईट आणि फळ्या, आणि खाली चार विटा.

पुढचं सगळं रायगड-रत्नागिरीकडच्या बागायतीच्या घरामागची जागा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. घाटावर जिथे वेगळं करावं लागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

आधी गरज नीट ठरवा

फवारणी पंप, ग्रासकटर, पॉवर टिलर, पाइपांची भेंडोळी, ताडपत्र्या, जाळ्या, प्लास्टिकचे क्रेट, आंबे काढायचे झेले, हत्यारं या सामानाला कंटेनर उत्तम. उंदीर-घुशी कुरतडून आत येत नाहीत, वाळवीला लोखंड चढता येतं पण खाता येत नाही, आणि कुलूप तोडणं सोपं नाही. धान्य, बियाणं, कांदा-बटाटा, सिमेंट यांच्यासाठी मात्र तो घेऊ नका. त्यासाठी चिऱ्याची, कौलारू, वारा खेळणारी खोलीच बरी. युरिया आणि इतर रासायनिक खतंही आत नकोत. ती हवेतली ओल ओढतात, पाझरतात आणि लोखंड खातात.

मापाचं म्हणाल तर घरगुती कामाला वीस फुटी. बाहेरून ६.०५८ मीटर लांब, २.४३८ मीटर रुंद, २.५९१ मीटर उंच. रिकाम्याचं वजन साधारण सव्वादोन टन. आत सुमारे ३३ घनमीटर जागा. चाळीस फुटीला प्रत्येक घनफुटामागे पैसे कमी पडतात हे खरं, पण कोकणातल्या गल्लीबोळांतून आणि पाणंदीतून तो वळवणं बहुधा अशक्य. जागा जास्त हवी असेल तर दोन वीस फुटी घ्यावेत.

परवानगी

“पाया खोदलेला नाही, उचलून नेता येतो, मग परवानगी कशाला?” हा समज महागात पडू शकतो. मुंबई वगळता महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला लागू असलेली २०२० ची एकीकृत विकास नियंत्रण नियमावली तात्पुरत्या बांधकामालाही परवानगी सांगते, आणि घराभोवतीचं सामासिक अंतर मोकळं ठेवावं लागतं. कंपाउंडच्या भिंतीला चिकटवून कंटेनर ठेवायचा बेत असेल तर तो इथेच अडतो. ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जागेचा साधा नकाशा जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. खाडी-समुद्राजवळची जमीन असेल तर सीआरझेडचं, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांचंही विचारा. अर्ज दिवाळीच्या सुमारास केला की पुढचं काम मृगाच्या आत हातावेगळं होतं.

कंटेनर निवडताना

न्हावा शेवा बंदर जवळ असल्यामुळे उरण, पनवेल, कळंबोली या पट्ट्यात वापरलेल्या कंटेनरचे यार्ड आहेत. फोटो बघून पैसे पाठवू नका. स्वतः जा, आणि एका वेल्डरला बरोबर न्या. त्याची एक दिवसाची हजेरी पुरेपूर वसूल होते.

दर्जाच्या भाषेत विक्रेते तीन-चार शब्द वापरतात. एकदाच माल वाहून आलेला म्हणजे ‘वन ट्रिप’, जवळजवळ नवा. पुन्हा जहाजावर चढू शकेल असा तो ‘कार्गो वर्दी’. वारा-पाणी आत न येणारा तो ‘विंड अँड वॉटर टाइट’. आणि ‘अ‍ॅज इज’ म्हणजे आहे तसा, नंतर तक्रार चालणार नाही. सामान ठेवायला तिसरा दर्जा पुरतो, पण तो शब्द ऐकून नव्हे, तपासून घ्यायचा.

तपासणीची सुरुवात तळापासून करा. तळाच्या आडव्या पट्ट्या, चार खांबांचे पायथे आणि दाराखालचा उंबरा या तीन जागा आधी सडतात. हातोडीने ठोकत जा. टणक, खणखणीत आवाज आला तर ठीक. आवाज बसका आला आणि गंजाची खपली पानासारखी सुटली तर पुढच्या कंटेनरकडे वळा. भिंतीवरचा तांबूस वरवरचा गंज किंवा पोचे यांची काळजी नको. छतावर मात्र शिडी लावून चढा. पोचा पडून जिथे पाणी साचतं तिथेच आधी भोक पडतं. चालताना कडेकडेने, पट्ट्यांवर पाय ठेवा. छताची चाचणी ६० बाय ३० सेंटिमीटर जागेवर ३०० किलो एवढ्याच भारासाठी झालेली असते, आणि तीही नव्या छताची.

मग आत उभं राहा आणि बाहेरच्या माणसाला दोन्ही दारं पूर्ण लावायला सांगा. भर दुपारी, मोबाईलची बॅटरी न लावता, डोळे अंधाराला सरावू द्या. कुठूनही उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाऊस येणार. खडूने खूण करा. एक-दोन ठिपके वेल्डिंगने बुजतात. छतभर चांदणं दिसलं तर सौदा सोडा. आत असताना नाकही वापरा. रसायनाचा उग्र वास किंवा जमिनीवर तेलकट काळे डाग असतील तर आधी काय वाहिलं होतं कोण जाणे, असा कंटेनर घरामागे नको. निर्यातीच्या मालाला धुरी देतात, त्यामुळे कोणताही कंटेनर आणल्यावर दोन-तीन दिवस दारं सताड उघडी ठेवावीत.

दारावर एक धातूची पाटी असते, तिला सीएससी पाटी म्हणतात. कंटेनरच्या सुरक्षिततेसाठी १९७२ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातून ती आली. तिच्यावर बनावटीचा महिना-वर्ष असतं, त्यामुळे “फक्त आठ वर्षांचा आहे” हे तिथल्या तिथे पडताळता येतं. त्याच पाटीजवळ तळाच्या लाकडाला कोणतं औषध दिलं आहे त्याचीही नोंद असते. तळ सहसा २८ मिलिमीटरच्या मरीन प्लायचा असतो आणि किडीपासून वाचवायला त्याला कीटकनाशक पाजलेलं असतं. खाण्याची वस्तू, जनावरांचं खाद्य किंवा लहान मुलांची खेळणी त्यावर थेट ठेवायची नाहीत, याचं कारण हेच.

कागद दोन हवेत. एक, जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर कंटेनरचा नंबर: चार अक्षरं, त्यातलं चौथं ‘यू’, पुढे सहा अंक आणि चौकटीतला एक पडताळणीचा अंक. दुसरा, सीमाशुल्क भरल्याचा पुरावा. परदेशी कंटेनर भारतात शुल्क न भरता येतो तो ठरलेल्या मुदतीत परत जाण्याच्या अटीवर; इथेच विकायचा तर शुल्क भरावं लागतं. हा कागद नसलेला स्वस्त कंटेनर घेऊ नये. किंमत लोखंडाच्या भावाबरोबर वरखाली होते, म्हणून दर विचारताना कंटेनर, यार्डातली चढवणावळ, वाहतूक आणि आपल्याकडे उतरवणं असा एकत्र आकडा लेखी मागा. तुटक दरात उतरवणं नेमकं राहून जातं.

जागा आणि पाया

इथे घाई नको. पावसाळ्यात परसात पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते घरातल्या थोरांना विचारा; त्या वाटेत कंटेनर नको. नारळाखाली नको, फणसाखाली नको. विहीर आणि शोषखड्ड्यापासून लांब. कोकणात पाऊस नैऋत्य-पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून दार पूर्वेला किंवा उत्तरेला. दारासमोर निदान आठ-नऊ फूट मोकळे हवेत, कारण दोन्ही झडपा बाहेर उघडून पूर्ण मागे फिरतात, आणि टिलर सरळ बाहेर काढायलाही तेवढी जागा लागते.

कंटेनरचं सगळं वजन चार कोपऱ्यांतल्या ओतीव ठोकळ्यांवर बसतं. ते ठोकळे बाकीच्या तळापेक्षा जरासे खाली असतात, कारण रचनाच तशी आहे. म्हणजे अख्ख्या जमिनीवर काँक्रीटचा स्लॅब टाकायची गरज नाही. चार कोपऱ्यांखाली काँक्रीटचे चार भक्कम ठोकळे पुरतात. उलट स्लॅबवर पाणी साचतं आणि तळाला दमट ठेवतं.

ठोकळ्यांची आखणी अशी. कोपऱ्यातल्या भोकांची मध्य ते मध्य अंतरं लांबीत ५.८५३ मीटर आणि रुंदीत २.२५९ मीटर. दोरी लावून चार खुंट्या ठोका आणि दोन्ही कर्ण मोजा: दोन्ही ६.२७४ मीटर आले पाहिजेत. कर्ण जुळले की काटकोन जुळला. प्रत्येक खुंटीभोवती ६० बाय ६० सेंटिमीटरचा खड्डा घ्या. जांभ्यात किंवा टणक मुरमात दोन फूट पुरतात. सामानासकट कंटेनर दहा टन धरला तर एका कोपऱ्यावर अडीच टन येतात, आणि एवढ्या तळावर पसरल्यावर ते चौरस मीटरला सात टनांच्या आत राहतात. टणक मुरूम हे सहज पेलतो. भराव टाकून केलेल्या जागेवर मात्र मूळ जमीन लागेपर्यंत खोदा. घाटावरच्या काळ्या मातीत विशेष सांभाळा. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, एक कोपरा उचलला जातो आणि दारं अडकतात. तिथे काळी माती ओलांडून खालच्या मुरमापर्यंत जायचं, आणि काढलेली माती परत खड्ड्यात न भरता मुरूम भरायचा.

खड्ड्याच्या तळाला डबर-खडी धुमसून, त्यावर पीसीसीचा (सळईविना काँक्रीटचा) थर, मग सळईची जाळी आणि रिंगा घालून दीड फूट बाय दीड फुटाचा आरसीसीचा ठोकळा वर काढा. जमिनीपासून उंची दीड फूट ठेवा. एका फुटावर भागवावं असं गवंडी म्हणेल, कारण साहित्य वाचतं. पण दीड फूट असेल तर वाकून झाडू मारता येतो, पालापाचोळा काढता येतो, खाली घोणस बसली आहे का ते बॅटरी मारून दिसतं, आणि पुढे तळाला रंग लावायला माणूस आत सरकू शकतो. ठोकळ्याच्या डोक्यावर दहा-बारा मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट बसवा, तिचे पाय काँक्रीटमध्ये बांधलेले. कंटेनर बसला की कोपरा या प्लेटला वेल्ड करायचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्याच वर्षी तौक्ते किनाऱ्यालगत वर सरकलं. रिकामा कंटेनर एवढ्या वाऱ्यात हलणार नाही असं धरून चालू नये.

चारही प्लेटा एका पातळीत आहेत का ते पारदर्शक नळीत पाणी भरून बघा. गवंड्याकडे ही नळी असतेच. छोटी लेव्हल एवढ्या लांबीला भरवशाची नाही. तीन-चार मिलिमीटरचा फरक पातळ पत्र्याच्या चकत्या घालून निघतो, इंचाचा निघत नाही. पातळीचा हट्ट दारांसाठी. चौकट जराशी मुरडली की दारांचे दांडे खाचेत बसत नाहीत, आणि मग लोक हातोडीने बडवून दार लावतात.

खालची जमीन मोकळी सोडू नका. गवत काढून, बाहेरच्या बाजूला उतार देऊन सहा इंच खडी पसरा, आणि चढाच्या अंगाला चर काढा. काँक्रीटला निदान दोन आठवडे पाणी मारा आणि त्यानंतरच कंटेनर बोलवा.

आणणं आणि उतरवणं

आदल्या दिवशी ड्रायव्हरला वाटेचा व्हिडिओ पाठवा. वीस फुटी कंटेनर सपाट हौद्याच्या ट्रकवरही येतो, ट्रेलरच हवा असं नाही. गाडीवर चढल्यावर उंची तेरा-चौदा फूट होते, तेव्हा वाटेतल्या वीजतारा, केबल आणि आंब्याच्या फांद्या बघून ठेवा. फाटक दहा फुटांपेक्षा अरुंद असेल तर एक खांब तात्पुरता काढावा लागेल. तारेखाली क्रेन चालवायची असेल तर महावितरणकडून तेवढ्या वेळापुरता प्रवाह बंद करून घ्या. इथे धाडस नको.

उतरवायला हायड्रा, म्हणजे चाकांवरची छोटी क्रेन. चौदा टनी हायड्रा म्हणजे कुठेही चौदा टन उचलेल असं नाही. बूम जितका लांब, तितकी ताकद कमी, म्हणून ती ठोकळ्यांच्या जवळ उभी राहू शकेल एवढी टणक जागा आधीच मोकळी करा. दिवाळीनंतर जमीन पूर्ण वाळली की हे काम घ्यावं. कंटेनर रिकामा असावा. वरच्या चार कोपऱ्यांना चार स्लिंग (उचलायचे पट्टे), शॅकल (लोखंडी कडी) लावून, आणि दोन टोकांना दोन लांब दोऱ्या, म्हणजे तो हवेत फिरला तर जमिनीवरून आवरता येतो. बाकी सगळ्यांनी लांब थांबायचं. खाली टेकल्यावर हायड्रा लगेच सोडू नका. दोन्ही दारं उघडून-लावून बघा, चकत्या घाला, पुन्हा बघा, आणि मग पट्टे काढा.

छप्पर, हवा, रंग

उघड्यावरचा कंटेनर मे महिन्यात भट्टी होतो. आत ठेवलेले रबरी पाइप, पंपांचे वॉशर, प्लास्टिकचे क्रेट कडक होऊन फुटतात. रात्री छत झपाट्याने थंड होतं आणि आतली दमट हवा त्याच्या खालच्या बाजूला पाणी होऊन थेंबथेंब गळते. लोकांना वाटतं छत फुटलं. विशेषतः पावसाळा संपल्यावर, निरभ्र रात्रींत, ओलं सामान आत कोंडलेलं असेल तर हे हटकून होतं.

दोन्हींवर एकच चांगला उपाय: कंटेनरच्या वर स्वतंत्र पत्र्याचं छप्पर, मधे फूटभर मोकळी जागा. चारही बाजूंनी छप्पर बाहेर काढा, दाराच्या बाजूला जास्त, म्हणजे पावसात दारात उभं राहता येतं. साधारण चोवीस बाय तेरा फुटांचं हे छप्पर होतं. खांब कंटेनरच्या बाहेर जमिनीत रोवा किंवा कंटेनरच्या वरच्या कोपऱ्यांतल्या ओतीव ठोकळ्यांना वेल्ड करा. छताच्या पत्र्याला भोक पाडू नका. किनाऱ्यावर वारा छप्पर खालून उचलतो, म्हणून पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या) जवळजवळ आणि जमिनीत रोवलेल्या खांबांचे पाय काँक्रीटमध्ये. उतार दाराच्या विरुद्ध बाजूला, टोकाला पन्हाळ. वर्षाला २,५०० मिलिमीटर पाऊस धरला तरी एवढ्या छपरावर सत्तर हजार लिटरच्या वर पाणी पडतं. ते तळाशी सोडायचं नाही. पाइपने टाकीत किंवा कलमांच्या आळ्यांकडे न्या.

मूळच्या वायुछिद्रांनी भागत नाही, ती अगदी छोटी असतात. एका टोकाला खाली आणि समोरच्या टोकाला वर, दीड फूट बाय एक फुटाच्या झडपा-जाळ्या बसवा. आतून बारीक जाळी, बाहेरून खाली वाकलेल्या पट्ट्या. नालीदार भिंत नुसती आडोसा नाही, भारही घेते, म्हणून कापलेल्या तोंडाला चारही बाजूंनी अँगलची चौकट हवी. कोपऱ्याचे खांब आणि वरच्या-खालच्या लांब कडा कधीच कापायच्या नाहीत. जुन्या रंगावर ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालवताना विषारी धूर निघू शकतो. दारं उघडी, तोंडाला साधा रुमाल नव्हे तर चांगला मास्क, आणि आतल्या प्लायवर ठिणग्या पडतात तिथे ओलं गोणपाट आणि शेजारी पाण्याची बादली.

“हे खास पोलाद आहे, गंजाचा थरच त्याचं रक्षण करतो” असं यार्डात सांगतात. कोरड्या हवेत ते बरंचसं खरं आहे. खाऱ्या, दमट किनाऱ्यावर तो थर टिकून राहत नाही. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढून, त्याच दिवशी झिंकचा प्रायमर, मग दोन हात रंग. आधी तळ, उंबरा आणि वेल्डिंगच्या जागा, मग भिंती. वरच्या भागाला फिकट रंग द्या.

वीज, दारं आणि सामान

लोखंडी खोलीत विजेची हयगय नको. परवानाधारक वायरमनकडून स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारं बटण), आणि कंटेनरचं अंग अर्थिंगच्या खड्ड्याला दोन ठिकाणी जोडलेलं. वायर पाइपातूनच. नुसता उजेड हवा असेल तर छोटा सोलर दिवा पुरे.

दार आतून उघडत नाही. घरात मुलं असतील तर हे पहिल्या दिवशीच समजावून सांगा. आत काम करताना झडप मागे फिरवून भिंतीच्या आकड्यात अडकवायची आणि कुलूप आपल्या खिशात. कुलपासाठी दोन दांड्यांच्या मधे लोखंडी पेटी वेल्ड करून घ्या, म्हणजे कटर आत शिरत नाही. बिजागऱ्यांना आणि दांड्यांच्या खोबणींना ग्रीस, रबरी पट्ट्यांना सिलिकॉनचा फवारा.

आत रुंदी २.३५ मीटर मिळते. दोन्ही अंगांना दीड-दीड फुटी रॅक लावले तरी मधे माणूस क्रेट घेऊन वळू शकतो. रॅक भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. ओल भिंतीवरून उतरते ती सामानाला लागत नाही. जड वस्तू खाली आणि दोन्ही बाजूंना सारख्या. तळावर काहीही थेट ठेवू नका, लाकडी फळ्यांचे पॅलेट टाका. जाळ्या, ताडपत्र्या आणि क्रेट पूर्ण वाळल्याशिवाय आत न्यायचे नाहीत. एक ओली ताडपत्री सगळा कंटेनर दमट करते. टिलर आणि ग्रासकटरच्या टाक्या रिकाम्या करून ठेवा. पेट्रोलचा कॅन, गॅसचा सिलिंडर, फटाके आत अजिबात नाहीत, आणि तिथे बॅटरी चार्जिंगला लावून दार ओढून घ्यायचं नाही. कीटकनाशकांना बाहेर वेगळी कुलूपबंद पेटी.

मृगाआधी एकदा पन्हाळ, चर, वेल्डिंगचे जोड आणि रबर बघा. पावसाळ्यात उघडीप मिळाली की तासभर दारं उघडा. झड असताना उघडून उपयोग नाही, बाहेरचीच ओल आत येते. दसऱ्याच्या सुमारास तळ गोड्या पाण्याने धुऊन काढा, विशेषतः घर खाडीजवळ असेल तर. त्यानंतर आठ दिवस कडक ऊन मिळालं की तळाखाली सरकून गंजाचे डाग खरवडा आणि प्रायमर लावा.